तापाची वाट पाहू नका

मोठ्या आतड्याचा कॅन्सर काढून घरी आलेल्या माणसाला भेटायला येणारे सगळे एकच विचारतात, "ताप-बिप नाही ना?" नाही म्हटलं की विचारणाराही निवांत आणि आपणही. माझ्या जखमेत पू झाला तेव्हा मला ताप नव्हता. थर्मामीटर रोज ९९ च्या आसपास. जास्त दाखवणार तरी कसा? टाके दुखू नयेत म्हणून डॉक्टरांनीच लिहून दिलेली पॅरासिटामॉलची गोळी दिवसातून तीनदा पोटात जात होती, आणि ती दुखण्याबरोबर तापही दाबते. म्हणून घरी आल्यावर ताप मोजायचा तो गोळी घेण्याआधी. आणि मधुमेही किंवा वयस्कर माणसाला गोळी नसतानाही कधीकधी ताप चढत नाही, हे त्याहून महत्त्वाचं.

बिघाड आधी कळला तो ग्लुकोमीटरवर. मला मधुमेह जुना आहे. मऊ भात, मुगाची खिचडी, ताक, एवढ्यावर असूनही सकाळची साखर अडीचशेच्या घरात जायला लागली. आमचे 'हे' वहीत आकडे मांडतात, त्यांना ते खटकलं. अंगात जंतुसंसर्ग असला की खाणं तेच राहून साखर चढते. संध्याकाळी पट्टी काढून पाहिलं तर बेंबीच्या खाली, टाक्यांच्या एका अंगाला कातडी लाल, ताणून चकाकणारी आणि हाताला गरम लागत होती. पट्टीवर पिवळट डाग होता आणि त्याला वास येत होता. धाकटी नणंद म्हणाली, "वहिनी, हळद-खोबरेल लावा की, दोन दिवसांत बसेल." तिची माया खरी, पण उघड्या जखमेवर डब्यातली हळद नको म्हणजे नकोच. साजूक तूप आणि पावडरही नको.

ऑपरेशन झालं त्या पुण्याच्या वॉर्डात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, लालीच्या कडेनं बॉलपेननं रेघ मारा आणि उजेडात फोटो काढून पाठवा. सकाळी लाली रेघेच्या बाहेर सरकली होती. 'वाटतंय जरा वाढलंय' यापेक्षा ही रेघ किती तरी भरवशाची. पुण्याच्या डॉक्टरांनी फोनवर सांगितलं तसं इथल्या कऱ्हाडच्या सर्जननी टाक्यांच्या दोन-तीन पिना काढल्या, आतला पू वाहू दिला, सलाइननं धुऊन गॉज भरला आणि जखम उघडीच ठेवली. ती तळापासून भरत यावी लागते. वरून शिवली तर पू आत कोंडतो. रोजचं ड्रेसिंग कितीतरी दिवस चाललं आणि केमोची तारीख पुढं गेली. संसर्गाचा खरा फटका हाच.

या ऑपरेशनला जखम पिकण्याचं प्रमाण इतर अनेक ऑपरेशनांपेक्षा जास्त असतं, कारण मोठं आतडं हेच जंतूंचं घर. कितीही स्वच्छता ठेवली तरी धोका शून्य होत नाही. त्यामुळं कुणाला झालं तर 'काळजी घेतली नाही' असं बोलू नये. पण धोका कमी करता येतो, आणि ते काम ऑपरेशनच्या आधीच सुरू होतं. साखर आटोक्यात आणा. तंबाखू, बिडी आणि आमच्या भागातल्या बायकांची मिश्रीसुद्धा बंद. सिगारेट-बिडी निदान चार आठवडे आधी सुटलेली बरी. आदल्या दिवशी किंवा त्या सकाळी साबण लावून आंघोळ. पोटावर घरी रेझर फिरवू नका, न्हाव्याकडूनही नको. रेझरनं न दिसणारे ओरखडे पडतात आणि जंतूंना वाट मिळते. केस काढायचेच तर हॉस्पिटलात क्लिपरनं काढतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत हे आहेच, शिवाय पोट साफ करण्याच्या औषधाबरोबर तोंडावाटे अँटिबायोटिक द्यावं असंही आहे. तेव्हा 'जुलाबाच्या पाण्याबरोबर गोळ्या आहेत का?' हे सर्जनना बिनधास्त विचारा. चिरा देण्याआधी शिरेतून अँटिबायोटिक देतात. ऑपरेशननंतर 'खबरदारी म्हणून' ते दिवसेंदिवस चालू ठेवल्यानं फायदा होत नाही, हेही त्याच सूचनांत आहे. आपले नातेवाईक मात्र 'भारीतलं इंजेक्शन चालू ठेवा' म्हणून मागं लागतात.

वॉर्डात छातीचा संसर्ग टाळायला तीन चेंडूंचं यंत्र देतात. आमच्या वॉर्डात निम्म्या बायका त्यात फुंकायच्या! फुंकायचं नाही, श्वास आत ओढायचा असतो, म्हणजे फुप्फुसं उघडतात. खोकताना पोटाशी उशी घट्ट धरा आणि उठवतील तेव्हा चालायला कुरकुर करू नका. लघवीची पिशवी कमरेच्या खाली राहू द्या, पण जमिनीवर टेकू देऊ नका. 'नळी आज काढता येईल का?' हे रोज विचारा. भेटायला येणाऱ्यांनी हात धुवावेत, सर्दी-खोकला असेल तर फोनवरच चौकशी करावी. नारळ-केळी टेबलावर ठेवा म्हणावं, कॉटवर बसू नका. वाईटपणा येतो, तो घ्यावा.

घरी आल्यावर साधारण महिनाभर जखम रोज पाहायची, हात धुऊन आणि दिवसाच्या उजेडात. ऑपरेशनच्या जागेचा संसर्ग डॉक्टर ३० दिवसांपर्यंत धरतात. डिस्चार्ज कार्ड हातात आलं म्हणजे सुटलो असं नसतं. डॉक्टरांनी परवानगी दिली की साध्या पाण्यानं आंघोळ करून जखम टिपून कोरडी करायची, चोळायची नाही. पोटावर शौचाची पिशवी (स्टोमा) असेल तर ती गळून टाक्यांवर येणार नाही हे पाहा. एक तृतीयांश ते अर्धी भरली की रिकामी करा. भोवतालची कातडी कोमट पाण्यानं पुसा, जंतुनाशकाचं पाणी नको.

वरची जखम दिसते तरी. आतड्याचा आतला जोड गळला तर बाहेर काहीच दिसत नाही, आणि धोका त्याचा जास्त. हल्ली लवकर घरी सोडतात, त्यामुळं हे घरीही घडू शकतं. पोट फुगणं, दुखणं वाढत जाणं, छातीत धडधड, थंडी वाजणं, खांदा दुखणं, उलट्या, लघवी कमी होणं, किंवा काल चालणारा माणूस आज अंथरुणातून उठेनासा होणं. यातलं काहीही दिसलं तर ओव्याचं पाणी देऊन सकाळची वाट पाहू नका. घरात पडून असलेली जुनी अँटिबायोटिकची पाकिटंही नकोत.

केमो सुरू झाली की नियम आणखी कडक. पांढऱ्या पेशी घटलेल्या असतात, जखमेत पू सुद्धा फारसा धरत नाही. त्या काळात मात्र बऱ्याचदा तापच काय तो इशारा देतो. १००.४ फॅरनहाइट दिसला की रात्रीचे दोन वाजले असले तरी निघायचं. एनिमा किंवा गुदद्वारातून देण्याची औषधं मनानं घ्यायची नाहीत. कॅज्युअल्टीत पोचल्यावर केसपेपरच्या रांगेत उभं राहण्याआधी, समोर दिसेल त्या डॉक्टरांना सांगा: "केमो चालू आहे आणि ताप आलाय." फाइल नंतर दाखवता येते.