रिकामे हात आणि शहराची शांतता

शहरात दंगाधोपा झाला की वडीलधारी मंडळी म्हणतात, "पोरे रिकामी, म्हणून बिघडली." या म्हणण्यात तथ्य आहे, पण ते अर्धेच. बेकारीतून अशांतता कशी उपजते, याचा थोडा विचार प्रस्तुत लेखात आम्ही करणार आहोत.

पहिले उदाहरण मुंबईचे. १९६० साली महाराष्ट्र राज्य झाले आणि शिकलेल्या मराठी तरुणांच्या आशा वाढल्या; कचेऱ्यांतील जागा मात्र त्या मानाने मिळेनात. त्याच वर्षी निघालेल्या 'मार्मिक' साप्ताहिकाने पुढे अमराठी अधिकाऱ्यांच्या नावांच्या याद्या छापल्या. १९ जून १९६६ रोजी शिवसेना स्थापन झाली. तरुणांचे दुःख खरे होते. परंतु त्यांचा राग दाक्षिणात्य शेजाऱ्यांवर वळला व त्यांच्या उपाहारगृहांवर हल्ले झाले.

दुसरे उदाहरण खेड्यांचे. १९७२ च्या दुष्काळात महाराष्ट्रातील लाखो हात रिकामे झाले. तेथेही मोर्चे निघाले. पण मागणी होती कामाची. मे १९७३ मध्ये दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसे होती. पुढे १९७७ साली रोजगार हमीचा कायदा संमत झाला. बेकारी दोन्हीकडे होती. एकीकडे रागाला शत्रूचे नाव मिळाले. दुसरीकडे मागणीला काम मिळाले.

बेकारीस अपमानाची जोड मिळाली, तर काय होते? ट्युनिशियात १७ डिसेंबर २०१० रोजी मोहम्मद बुअझिझी या तरुण फळविक्रेत्याचा माल जप्त झाला, तेव्हा त्याने स्वतःस पेटवून घेतले. त्या देशातील असंख्य बेकार तरुणांना ते आपलेच दुःख वाटले. महिन्याच्या आत, १४ जानेवारी २०११ रोजी, राष्ट्राध्यक्षांना देश सोडावा लागला.

आता आपल्या बऱ्हाणपुराकडे वळू. लालबागेतील ताप्ती मिल मार्च २०२० च्या टाळेबंदीत थांबली. यंत्रमागावर मंदी आली की घरोघरचा कमावता हात थांबतो. पदवी घेतलेल्या मुलाला मागावर उभे राहणे नको वाटते आणि कचेरीत जागा नसते. आम्ही शिकविलेली मुले चौकात उभी दिसतात, तेव्हा मनात प्रश्न येतो, की यांच्याकडे प्रथम कोण जाईल? काम देणारा, की मिरवणुकीत घोषणा द्यावयास माणसे हवी असलेला?

आपला ट्रस्ट कारखाना काढू शकणार नाही, हे आम्ही जाणतो. तथापि तीन गोष्टी करता येतील. मोहल्ल्यामोहल्ल्यांतून बेकार मुलामुलींची यादी करावी. तीत शिक्षण व येणारे काम लिहावे. शिष्यवृत्तीचा काही भाग औद्योगिक प्रशिक्षण घेणाऱ्यांस द्यावा. परीक्षेची तयारी करणाऱ्यांसाठी संध्याकाळी एक खोली, दिवे व पुस्तके यांची सोय करावी.

मुंबईत यादी झाली होती ती परक्यांची. आपली यादी आपल्याच मुलांची असावी, आणि दरवर्षी वार्षिक सभेत ती वाचून, त्यांपैकी किती जण कामास लागले, हे सभासदांनी विचारावे.