पाच स्थाने, तेरा बेरीज

चाळीसगावजवळील पाटण येथे 1207 सालचा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांचे अध्ययन व्हावे म्हणून त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापल्याची नोंद त्यात आहे. इतिहासाच्या तासाला आम्ही हा लेख सांगतो. पण त्या ग्रंथांत विद्यार्थ्यांना कोणती कोडी घातलेली आहेत, हे पाहायचे तर 1150 सालची ‘लीलावती’च उघडली पाहिजे. आपल्या पुण्यातील आनंदाश्रमाने ती 1937 साली गणेश दैवज्ञाच्या टीकेसह छापली.

तिच्या ‘अंकपाश’ प्रकरणात विचारले आहे : ज्यांच्या अंकांची बेरीज तेरा होते अशा पाच स्थानांच्या संख्या किती? शून्य वर्ज्य.

हेच कोडे आम्ही वसतिगृहातील मुलांना संगणकावर सोडवण्यास दिले. 1 ते 9 या अंकांच्या पाच स्थानी संख्या 59,049 होतात. त्या एकेक तपासणे म्हणजे निव्वळ हमाली. त्याऐवजी डावीकडून एकेक अंक मांडत जावे. उरलेल्या बेरजेपेक्षा उरलेली स्थाने अधिक झाली, किंवा उरलेल्या सर्व स्थानी नऊ मांडूनही बेरीज भरत नसली, की ती वाट तेथेच सोडावी, शेवटचा अंक पुसावा आणि त्याच जागी पुढचा अंक घ्यावा. यालाच बॅकट्रॅकिंग म्हणतात. पहिला अंक 9 घेतला तर चार स्थानांत चारच उरतात. एकच संख्या, 91111. पहिला 8 घेतल्यास चार संख्या, 7 घेतल्यास दहा. पुढे 20, 35, 56, 84, 120 आणि पहिला 1 असता 165. एकूण 495.

भास्कराचार्य हेच उत्तर चार गुणाकार-भागाकारांत काढतात. बेरजेतून एक वजा करून बारा. मग 12, 11, 10, 9 यांना अनुक्रमे 1, 2, 3, 4 यांनी भागून गुणावे. मुलांनी हे सूत्र तत्काळ पाठ केले, आणि नेमके तेच आम्हाला खटकले.

म्हणून आम्ही बेरीज चौदा करावयास सांगितली. सूत्राने 715 आले, संगणकाने मात्र 710 दाखवले. वर्गाने संगणकालाच दोष दिला. अर्धा तास शोधल्यावर ते पाच सापडले : चार स्थानी एक आणि एका स्थानी दहा! सूत्राला दहा चालतो, पण तो अंक नव्हे. आणि तो पाचांपैकी कोणत्याही स्थानी बसू शकतो. सूत्राखालचे पुढील वचन आम्ही तेव्हाच वाचून दाखवले : बेरीज ही स्थानसंख्या अधिक नऊ याहून कमी असेल तरच हा नियम लागू. पाच अधिक नऊ, चौदा.