ग्राहकाचं मत वाचायचं कसं? साठ प्रकारची बिअर ठेवणाऱ्या गल्लीतल्या बारकडून शिकूया

मागच्या व्हिडिओखाली बऱ्याच जणांचा एकच प्रश्न होता : "मॅडम, रिव्ह्यू तर येतात, पण त्यातून करायचं काय?" आज त्याचंच उत्तर. व्हिडिओत घाईत सांगितलेले आकडे इथे नीट लिहून देतेय. वही-पेन घेऊन बसा.

उदाहरण घेतलंय बारचं. काहींना वाटेल, हे काय मध्येच? आपण पिण्याबद्दल बोलत नाही, धंद्याबद्दल बोलतोय. बार निवडण्यामागे दोन कारणं आहेत.

एक, बाटलीतली बिअर या बारमध्ये आणि पुढच्या चौकातल्या बारमध्ये अगदी तीच असते. तरी एका ठिकाणी रांग आणि दुसऱ्या ठिकाणी वेटर माश्या मारतोय. म्हणजे ग्राहक बाटलीशिवाय आणखी कशाचे तरी पैसे देतोय. ते काय, हे त्याच्या मतातूनच कळतं.

दोन, आपल्याकडे दारूची उघड जाहिरात करायला कायद्याने बंदी आहे. मग नवा ग्राहक येणार कसा? कोणीतरी कोणाला सांगितलं म्हणून. या धंद्यात ग्राहकाचं मत हीच जाहिरात.

पायरी १ : स्टार बघू नका, आधी संख्या बघा

समजा एका बारला १२ जणांनी मिळून सरासरी ४.५ स्टार दिलेत. दुसऱ्याला ४०० जणांनी ४.३. आता दोघांकडे एकेक चिडलेला माणूस आला आणि १ स्टार देऊन गेला. पहिल्याची सरासरी थेट ४.२ वर येते. दुसऱ्याची ४.२९, म्हणजे दिसायला ४.३ च राहते.

शिकायचं काय? सुरुवातीच्या दिवसांत एका वाईट रिव्ह्यूने झोप उडवून घेऊ नका, आणि १२ चांगल्या रिव्ह्यूंवर दुसरी शाखाही काढू नका.

आणि लिहितं कोण? फार खूश झालेला किंवा फार चिडलेला. रोज संध्याकाळी कोपऱ्यातल्या टेबलावर बसणारे काका कधीच रिव्ह्यू लिहीत नाहीत. एकदा येऊन परत न फिरकलेला माणूसही बहुतेक वेळा लिहीत नाही. धंदा मात्र याच दोघांवर चालतो किंवा बुडतो.

पायरी २ : प्रत्येक मत पाच खणांपैकी एकात टाका

गल्ल्यात नोटा जशा वेगवेगळ्या खणात ठेवतो, तशीच मतं लावा. खाली दिलेली वाक्यं नमुन्यादाखल मीच लिहिली आहेत, पण अशा धाटणीची मतं तुम्ही नक्की वाचली असतील.

खण पहिला, माल : "बिअरला विचित्र वास होता." मालक म्हणतो, कंपनीचा दोष. थांबा! बिअरमधल्या हॉप्सवर प्रकाश पडला की कुबट वास तयार होतो. तपकिरी काच त्यापासून बऱ्यापैकी वाचवते, हिरवी आणि पारदर्शक कमी. म्हणजे शोभेसाठी हिरव्या बाटल्या उन्हात किंवा ट्यूबलाइटखाली मांडल्या असतील, तर दोष तुमच्या मांडणीचा. गोदाम तापत असेल तर बिअर लवकर शिळी लागते. नळाची बिअर असेल तर पाइप साधारण दर दोन आठवड्यांनी धुवायला हवा, नाहीतर आंबूस चव येते. मत एका ओळीचं, पण ते फ्रीज, गोदाम आणि पाइप अशा तीन जागा तपासायला सांगतं.

खण दुसरा, उपलब्धता : "मेनूत साठ नावं, मागितल्या त्या तीनही नव्हत्या." हे सगळ्यात महाग मत. मेनू हे वचन असतं, आणि इथे ते तीनदा मोडलं. वीस नावांचा मेनू असता तर हाच माणूस कदाचित खूश होऊन गेला असता.

खण तिसरा, माणसं : "काय घ्यावं कळेना, वेटरलाही माहीत नव्हतं." याबद्दल पुढे बोलूया.

खण चौथा, पैसे : "बिल बघून उतरली." इथे बहुतेक वेळा भांडण भावाचं नसतं, न सांगितलेल्या गोष्टीचं असतं. दारूवर जीएसटी नाही, राज्याचा व्हॅट लागतो. खाण्यावर साध्या रेस्टॉरंटमध्ये ५ टक्के जीएसटी. एकाच बिलात दोन कर दिसले की ग्राहकाला वाटतं फसवलं. मेनूच्या तळाशी दोन ओळींत लिहून टाका. आणि सर्व्हिस चार्ज आपोआप बिलात घालू नका. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच तशा सूचना दिल्या आहेत.

खण पाचवा, जागा : गोंगाट, स्वच्छतागृह, पार्किंग, कुटुंबासोबत बसता येतं का. मालक हा खण शेवटी उघडतो. अनेक ग्राहक, खास करून बायका, तिथूनच निर्णय घेतात.

तीन महिन्यांची मतं खणात टाकून झाली की मोजा. ज्या खणात सगळ्यात जास्त चिठ्ठ्या, तिथून काम सुरू.

पायरी ३ : "व्हरायटी भारी!" या कौतुकाची पारख करा

ब्रसेल्समध्ये डेलिरियम कॅफे नावाचा बार आहे. ९ जानेवारी २००४ रोजी तिथे २,००४ प्रकारच्या बिअर विक्रीला होत्या आणि गिनीज बुकात त्याची नोंद झाली. हा आकडा ऐकूनच लोक आत जातात. पण ते जगभरच्या पर्यटकांचं शहर, शिवाय बेल्जियम बिअरसाठीच प्रसिद्ध.

आता उलटं उदाहरण आपल्या पुण्याचं. २००९ मध्ये डूलाली सुरू झालं, देशातल्या सुरुवातीच्या मायक्रोब्रुअरींपैकी एक. नाव आलंय नाशिकजवळच्या देवळालीवरून : तिथल्या छावणीत जहाजाची वाट बघून कंटाळलेल्या ब्रिटिश सैनिकांमुळे 'डूलाली' म्हणजे डोकं फिरलेला, असा शब्द इंग्रजीत गेला. त्यांचा मार्ग वेगळा : स्वतः बनवलेल्या, मोजक्या बिअर. एकाने संख्या विकली, दुसऱ्याने ताजेपणा. तुमचा बार गल्लीतला असेल, तर दर आठवड्याला तीच दोनशे माणसं येणार. त्यांना काय हवंय?

इथे एक गाजलेला प्रयोग बघा. २००० साली शीना अय्यंगार आणि मार्क लेपर यांनी प्रसिद्ध केलेला. कॅलिफोर्नियातल्या एका दुकानात चवीसाठी कधी २४ जॅम मांडले, कधी ६. चोवीसच्या टेबलाशी जास्त लोक थांबले. पण घेतला किती जणांनी? थांबलेल्यांपैकी २४ जॅमच्या वेळी ३ टक्के, ६ च्या वेळी ३० टक्के! मात्र हे वाचून लगेच माल कमी करू नका. नंतरच्या अनेक अभ्यासांत हा परिणाम कधी दिसला, कधी नाही. साधारणपणे, ग्राहकाला आपली आवड माहीत नसेल आणि मांडणीत गोंधळ असेल तेव्हा जास्त पर्याय त्रास देतात.

म्हणून पहिला उपाय फुकटचा : मेनूची मांडणी बदला. कंपन्यांच्या नावांऐवजी "हलकी", "गव्हाची", "कडू", "काळी", "स्ट्राँग" असे गट करा. वेटरला एकच प्रश्न शिकवा : "साहेब, नेहमी कोणती घेता?" त्या उत्तरावरून त्याने दोनच नावं सुचवायची. तिसरा खण निम्मा इथेच रिकामा होईल.

पायरी ४ : तोंडचं मत आणि बिलाचं मत शेजारी ठेवा

समजा साठ प्रकार आहेत. मोठ्या बाटलीचा बॉक्स १२ चा, म्हणजे प्रत्येकाचा निदान एक बॉक्स. ६० × १२ = ७२० बाटल्या. सरासरी खरेदी १५० रुपये धरली तर १,०८,००० रुपये फ्रीजमध्ये. समजा त्यातले १२ प्रकारच रोज हलतात. उरलेल्या ४८ प्रकारांत ८६,४०० रुपये अडकले, आणि प्रत्येक बाटलीवर मुदत छापलेली आहे. रिव्ह्यूमध्ये कौतुक साठ बिअरचं, आणि बिलात बारा!

मग ४८ काढून टाकायच्या? घाई नको. चार मित्र येतात. तिघं नेहमीची स्ट्राँग घेतात, चौथ्याला गव्हाचीच हवी. ती नसेल तर चौघंही दुसरीकडे जातात. ती एक बाटली फक्त स्वतःच्या नफ्यावर जगत नाही, आख्खं टेबल घेऊन येते. म्हणून सावकाश विकल्या जाणाऱ्या प्रत्येक प्रकाराला एक प्रश्न विचारा : ही बाटली ज्या बिलात आहे, ते बिल मोठं आहे का? मोठं असेल तर ठेवा. एकटीच, महिन्यातून एकदा जात असेल तर निरोप द्या.

मधला मार्ग असा. ४८ पैकी १८ एका वेळी ठेवा आणि दर महिन्याला काही बदला. बारच्या फळ्यावर खडूने लिहा : "या महिन्याच्या बिअर". ३० बॉक्स कमी झाले, म्हणजे ३६० बाटल्या, ५४,००० रुपये मोकळे. ग्राहकाला नवं काहीतरी मिळतंय, आणि मेनूत जे आहे ते फ्रीजमध्येही आहे. दुसरा खणही रिकामा.

पायरी ५ : कोणाचं ऐकायचं नाही, हेही ठरवा

महाराष्ट्रात बिअरसाठी वयाची अट २१ आहे. वयाचा पुरावा मागितला म्हणून कोणी १ स्टार दिला, तर तो रिव्ह्यू अभिमानाने राहू द्या. "गाडी चालवायची होती म्हणून शेवटची बाटली दिली नाही", या तक्रारीवरही बदलू नका. लायसन्स गेलं तर साठ काय, एकही बाटली विकता येणार नाही. आणि त्या बाटलीनंतर रस्त्यावर कोणाचा जीव गेला, तर तो कोणत्याच हिशोबात भरून निघत नाही.

दुसरं, पैसे देऊन रिव्ह्यू लिहून घेऊ नका. भारतीय मानक ब्युरोने २०२२ मध्ये ऑनलाइन रिव्ह्यूंसाठी आयएस १९००० हे मानकच काढलंय. आणि खोट्या रिव्ह्यूचा मोठा तोटा तुमचाच : खणात खोट्या चिठ्ठ्या पडल्या की तुम्हालाच खरं कळेनासं होतं.

उत्तर देताना चार ओळी पुरे : आभार, नेमकं काय चुकलं, काय बदललं, परत या. वाद घालू नका. ते उत्तर तक्रार करणाऱ्यापेक्षा पुढचे शंभर जण वाचणार आहेत.

आता तुमचं दुकान

बिअरच्या जागी तुमचा माल ठेवा. माझं स्टेशनरीचं दुकान आहे. पेनांच्या रंगांबाबत हाच हिशोब मी दर तिमाहीला करते. साड्या, मोबाइल कव्हर, मसाले, केक, सगळीकडे हेच लागू पडतं.

गृहपाठ

१. स्वतःच्या किंवा जवळच्या एखाद्या दुकानाची शेवटची ३० मतं पाच खणांत टाका.
२. रिव्ह्यू न लिहिणाऱ्या पाच नेहमीच्या ग्राहकांना विचारा : "आज काय हवं होतं जे मिळालं नाही?" उत्तर त्यांच्याच शब्दांत लिहा.
३. सगळ्यात हळू विकल्या जाणाऱ्या पाच वस्तू काढा आणि त्या कोणत्या बिलांत होत्या ते बघा.

सगळ्यात जास्त चिठ्ठ्या कोणत्या खणात पडल्या, ते कमेंटमध्ये लिहा. पुढच्या व्हिडिओत त्याच खणावर काम करू. भेटूया!