लाकडी जहाज आणि दुरुस्तीचा पाठ

१२ ऑक्टोबर १८१७ रोजी मुंबईच्या गोदीत ‘त्रिंकोमाली’ हे युद्धजहाज पाण्यात उतरले. त्यानंतर अडीच महिन्यांनी, ३१ डिसेंबरच्या रात्री, महार सैनिकांचा भरणा असलेली कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी आपल्या शिरूरहून भीमा कोरेगावकडे निघाली. एकाच वर्षातील या दोन घटना एकत्र शिकवाव्यात, म्हणून इतिहासाच्या तासाला आम्ही त्या जहाजाची प्रतिकृती करावयास घेतली.

प्रमुख कारागीर जमशेटजी बमनजी वाडिया यांच्या देखरेखीखाली हे जहाज मलबारी सागवानात बांधले गेले. त्याचा पहिला आराखडा वाटेतच गमावला. तो आणणारे ‘जावा’ जहाज १८१२ च्या अखेरीस अमेरिकी युद्धनौकेशी झालेल्या लढाईत पराभूत झाले. नवा आराखडा मागवावा लागला आणि प्रत्यक्ष काम १८१६ मध्ये सुरू झाले.

मूळ लांबी सुमारे १५० फूट. १:१०० या प्रमाणात प्रतिकृती दीड फुटाची होते. प्रथम कणा, त्यावर बरगड्या, मग सागवानी पट्ट्या. पट्टी गरम पाण्यात भिजवून वाकवावी, चिमट्यांनी आवळून पूर्ण वाळू द्यावी आणि नंतरच चिकटवावी. डावीकडे एक, लगेच उजवीकडे एक, हा क्रम मोडू नये.

शिरूर-दौंडच्या आमच्या मुलांनी तो मोडला. डावी बाजू आधी पूर्ण केली आणि कणा वाकला. फटींत भुसा व सरस भरून वर रंग द्यावा, असे एका विद्यार्थ्याने सुचविले. स्नेहसंमेलनास चारच दिवस उरले होते; आम्हालाही मोह झाला, हे कबूल केले पाहिजे. परंतु भुशाने फट बुजते, वाकलेला कणा सरळ होत नाही. गरम ओल्या फडक्याने सरस मऊ करून आम्ही नऊ पट्ट्या उतरविल्या, कणा सरळ फळीला बांधून ठेवला आणि दोन्ही बाजूंनी पुन्हा आरंभ केला. स्नेहसंमेलनात प्रतिकृती अपुरीच मांडली.

दुसरी चूक पाटीवर होती : ‘इंग्रजांचे जहाज’. ती खोडून ‘मुंबईच्या कारागिरांनी इंग्रजांसाठी बांधलेले जहाज’ असे लिहिले. श्रम कोणाचे आणि नाव कोणाचे, हे इतिहासाच्या विद्यार्थ्याने विचारलेच पाहिजे.

मूळ जहाज दीर्घ दुरुस्तीनंतर आज इंग्लंडमधील हार्टलपूल येथे तरंगते आहे. आमची प्रतिकृती वाचनालयात आहे. डाव्या बाजूचा उकललेला सांधा आम्ही रंगविलेला नाही. नव्या विद्यार्थ्यांना प्रथम तोच दाखवितो.