दुभाष्याचे काम व त्याचा मोबदला

बेळगावातील वडगाव ही विणकरांची जुनी वस्ती. मराठी व कानडी या दोन्ही भाषा येथे नित्य कानी पडतात. कचेरीत वा न्यायालयात जाणारा मनुष्य म्हणूनच दोन्ही भाषा जाणणाऱ्या शेजाऱ्यास सोबत नेतो आणि त्याचे श्रम चहापाण्यावर भागवितो. वस्तुतः दुभाष्याचे काम हा जबाबदारीचा व प्राचीन व्यवसाय आहे. 1674 मध्ये हेन्री ऑक्झिंडेन रायगडावर आला, तेव्हा इंग्रजांच्या बाजूने नारायण शेणवी दुभाषी होते.

भाषांतरकार लेखी मजकुरावर काम करतो. त्याचा मोबदला शब्दांवर किंवा पानांवर ठरतो. दुभाष्यास बोलणे चालू असतानाच अर्थ सांगावा लागतो. त्याचा मोबदला बहुधा दिवसावर किंवा अर्ध्या दिवसावर ठरतो. साक्ष दहा मिनिटांची असली, तरी प्रतीक्षेत दिवस जातो.

नोकरीत वेतनश्रेणी निश्चित असते. सातव्या वेतन आयोगानुसार केंद्र सरकारच्या कनिष्ठ भाषांतर अधिकाऱ्याची श्रेणी दरमहा 35,400 ते 1,12,400 रुपये आहे. स्वतंत्र दुभाष्याचे उत्पन्न मात्र भाषा, विषयज्ञान व कामाचे दिवस यांवर अवलंबून असते. सीमाभागात मराठी व कानडी जाणणारे पुष्कळ असल्याने केवळ भाषाज्ञानास मोल थोडे. जमीन, कायदा वा वैद्यक यांतील परिभाषा जाणणाऱ्यास ते अधिक. ‘गहाणखत’ आणि ‘खरेदीखत’ यांतील भेद दुभाष्यास न कळल्यास शेतकऱ्याची जमीन जाऊ शकते.

प्रत्येक वेळी पदरमोड करावी लागते असे नाही. संविधानाच्या 350 व्या अनुच्छेदानुसार गाऱ्हाण्याचा अर्ज संघराज्यात वा राज्यात वापरल्या जाणाऱ्या कोणत्याही भाषेत करता येतो. फौजदारी खटल्यात आरोपीस न समजणाऱ्या भाषेतील साक्ष त्यास समजणाऱ्या भाषेत न्यायालयात सांगितली गेली पाहिजे. 1973 च्या फौजदारी प्रक्रिया संहितेतील ही तरतूद 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही कायम आहे. खरा अर्थ सांगणे दुभाष्यावर बंधनकारक आहे. पात्र व्यक्तींना मिळणाऱ्या मोफत विधी साहाय्यात न्यायालयीन कागदपत्रांच्या भाषांतराचाही समावेश होतो.

खाजगी कामासाठी दुभाषी नेताना दिवस, प्रवासखर्च व मोबदला आधीच ठरवून घ्यावा. साक्ष समजत नसल्यास आरोपीने तसे न्यायाधीशांस त्याच वेळी सांगावे. शिक्षकांनी ही माहिती ग्रामस्थांपर्यंत पोहोचविल्यास अनेकांचे नुकसान टळेल.