कार्बन-भरपाई : तत्त्व आणि कसोट्या

सिमेंटसाठी चुनखडी भट्टीत भाजली की तिच्यातून कार्बन डायऑक्साइड वायू बाहेर पडतो. शंभर किलो शुद्ध चुनखडीमागे हे प्रमाण ४४ किलो असते. भट्टीत कोणतेही इंधन वापरले तरी त्यात फरक पडत नाही. रूढ पद्धतीत हे उत्सर्जन अटळ होय. अशा अटळ उत्सर्जनाची अन्यत्र फेड करणे म्हणजे कार्बन-भरपाई.

भरपाईचे तत्त्व

हा वायू सर्व जगाच्या वातावरणात मिसळतो. त्यामुळे चंद्रपूर जिल्ह्यातील सिमेंट कारखान्यातून निघालेल्या एका टनाची फेड दूरच्या गावातही होऊ शकते. वृक्ष लावून वायू शोषून घेणे किंवा गोबरगॅस संयंत्राद्वारे जळाऊ लाकूड वाचवणे, हे त्याचे मार्ग आहेत. एका टनाची घट प्रमाणित झाली म्हणजे एक कार्बन क्रेडिट मिळते. सुमारे ३७० लिटर डिझेल जाळल्यास जेवढा वायू निघतो, तेवढी ही घट होय. कारखाना ते क्रेडिट विकत घेऊन आपल्या खाती कायमचे खर्ची टाकतो.

१९९७ च्या क्योटो कराराने या व्यवहारास आंतरराष्ट्रीय चौकट दिली. भारतात २०२२ साली ऊर्जा संवर्धन कायद्यात दुरुस्ती झाली व २०२३ मध्ये केंद्र शासनाने कार्बन क्रेडिट व्यापार योजना अधिसूचित केली.

चार कसोट्या

पहिली कसोटी अतिरिक्ततेची. जे संयंत्र शासकीय अनुदानातून एरवीही उभे राहणार होते, त्याचे श्रेय विकता येत नाही. विकल्यास हवेतील वायू कमी न होता केवळ कागदावर घट दिसते. दुसरी, टिकाऊपणाची. उत्सर्जित वायूचा काही भाग शतकानुशतके हवेत राहतो. वणव्यात रोपवन जळाले तर फेडही जळून जाते. तिसरी, एका रानात कुऱ्हाडबंदी केल्यामुळे शेजारच्या रानात तोड वाढू नये. चौथी, एकच घट दोघांच्या हिशेबी लागू नये.

ग्रामपंचायतींची दक्षता

गायरानावर असे वृक्षारोपण करण्याचा प्रस्ताव आल्यास कराराची मुदत, उत्पन्नातील गावाचा वाटा, झाडे मेल्यास जबाबदारी कोणाची आणि चराईचे काय होणार, हे प्रश्न ग्रामसभेत आधीच विचारले पाहिजेत. दीर्घ मुदतीच्या करारात गुंतलेली जमीन मध्येच मोकळी करणे सोपे नसते.

भरपाई हा बचतीला पर्याय नव्हे. जे उत्सर्जन टाळता येते ते प्रथम टाळावे. उरलेल्याचीच फेड करावी, हाच या पद्धतीचा योग्य क्रम होय.