नर-मादी मोबाईलवर पांढराफटक का येतो?

प्रश्न : पावसाळ्यात नळदुर्गच्या किल्ल्यात नर-मादी धबधब्याचे फोटो काढले. डोळ्यांना पाण्याची धार न् धार दिसत होती, फोटोत मात्र चुना फासल्यासारखे दोन पट्टे आले. नवा मोबाईल घ्यावा लागेल का? आणि इन्स्टाग्रामवर पाणी रेशमासारखं दिसतं, ते कसं करतात?
— एक विद्यार्थिनी, अणदूर

उत्तर : मोबाईल नको घेऊस, आहे तो पुरेल.

कॅमेरा चौकटीतल्या उजेडाची सरासरी काढतो. तुझ्या चौकटीत बहुतेक सगळा, ज्यावरून हे पाणी कोसळतं त्या बंधाऱ्याचा काळा दगड आणि त्यात पाण्याचे दोनच पट्टे. दगड पाहून कॅमेऱ्याची समजूत होते की इथे अंधार आहे, म्हणून तो उजेड वाढवतो. त्यात दगड राखाडी होतो आणि पाणी पार जळून जातं. हल्लीचे मोबाईल एका दाबात अनेक फोटो काढून ते जोडतात, तरी इतका फरक त्यांनाही दर वेळी पेलत नाही.

तेव्हा बोट दगडावर नाही, पाण्यावर ठेव. क्षणभर दाबून धरलंस की बहुतेक मोबाईलवर सूर्याचं चिन्ह किंवा पट्टी येते. धारा सुट्या दिसू लागेपर्यंत ती खाली ओढ. दगड काळाकुट्ट झाला तर होऊ दे. काळोखातला तपशील नंतर थोडाफार उजळता येतो. एकदा जळालेलं पांढरं मात्र परत येत नाही, कारण तिथे काही नोंदलंच गेलेलं नसतं.

किल्ल्यातल्या पाणी महालातून बाहेरचा फोटो घेताना हीच अडचण जास्त जाणवते. आदिलशाहीतल्या कारागिरांनी बोरी नदीवरच्या बंधाऱ्याच्या पोटातच तो महाल बांधला. आत अंधार, खिडकीबाहेर लखलखाट. तिथे दोन्ही साधायचा हट्ट सोड. बाहेरच्या उजेडावर बोट ठेव, म्हणजे खिडकीची महिरप काळी, रेखीव उमटेल. मला तर तोच फोटो जास्त आवडतो.

आता रेशमी पाणी. त्यासाठी शटर पाव सेकंदाच्या आसपास उघडं राहावं लागतं. बहुतेक मोबाईलच्या भिंगाचं छिद्र लहान करता येत नाही, त्यामुळे भर दुपारी तेवढ्या वेळात सगळंच पांढरं होतं. ढगाळ संध्याकाळ गाठ, प्रो मोडमध्ये आयएसओ सर्वांत कमी ठेव, शटर १/४ कर, मोबाईल कठड्याला टेकव आणि दोन सेकंदांचा टायमर लाव. आयफोन असेल तर लाइव्ह फोटो काढून नंतर त्यात ‘लाँग एक्स्पोजर’ निवडता येतं. अर्थात माझं मत विचारशील तर बोरीच्या पाण्याचं रेशीम करूच नये. पुराच्या दिवसांतलं ते मातकट, आदळणारं पाणी. गुळगुळीत केलं की कुठल्याही गावचं वाटतं.

तुषारांनी भिंग सारखं ओलं होतं, म्हणून सुती रुमाल खिशात असू दे. पाण्याला जोर असेल तेव्हा काठावर उतरू नकोस. दुरूनच काढ, पण दोन बोटांनी ताणून झूम करू नकोस. मोबाईलला दूरचं वेगळं भिंग नसेल तर त्यात चित्राचा तुकडाच मोठा होतो. आणि जमलेला फोटो आम्हाला व्हॉट्सॲपवर पाठवशील तेव्हा डॉक्युमेंट म्हणून पाठव, नाहीतर सुट्या केलेल्या धारा वाटेतच पुन्हा एक होतील.